सर्व्हर उठेना: पितृपंधरवड्यातली एक रात्र

"पितृपंधरवड्यात कशाला हात घालताय त्याला? परवा घट बसत्यात, मग करा की निवांत."

अण्णांनी हे शनिवारी दुपारीच ऐकवलं होतं. तारीख २४ सप्टेंबर २०२२. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. मी हसण्यावारी नेलं, कारण नवरात्र सुरू झालं की मला पुन्हा महिनाभर सवड मिळणार नव्हती, आणि त्या सर्व्हरचं अपग्रेड मी आधीच वर्षभर पुढं ढकललं होतं. त्यावर डेबियन १० होतं, म्हणजे लिनक्स जातीची एक ऑपरेटिंग सिस्टिम; या दहाव्या आवृत्तीचं टोपणनाव बस्टर. त्याचा नेहमीचा सुरक्षा-आधार १० सप्टेंबरला संपला होता. पुढं लांब मुदतीचा आधार असतो हे खरं, पण डेबियन ११ येऊन तेरा महिने उलटले तरी आपण १०वरच बसलोय याची मनात टोचणी होतीच.

अण्णा म्हणजे एका दूध संघाच्या संकलन विभागाचे सुपरवायझर. मी कराडला राहतो, अशा चार-पाच ठिकाणचे सर्व्हर सांभाळतो. संघाचा सर्व्हर तसा साधाच: टेबलाखाली ठेवायचा टॉवर, एक-एक टीबीच्या दोन डिस्क, दोन्हींवर एकच मजकूर उमटत राहील अशी रेडची जोडी. गावोगावच्या संकलन केंद्रांवर दूध मोजलं की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकी घन भाग) आणि खातेनंबर या मशीनवर येतो. दर दहा दिवसांनी त्यावरूनच बिलं निघतात. संध्याकाळचं संकलन नऊपर्यंत आटोपतं, सकाळचं सहाला सुरू होतं. म्हणजे माझ्या हातात नऊ तास. नऊ तास म्हणजे चैनच, असं मला वाटलं होतं.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. काम सुरू करण्यापूर्वी मी 'अपटाइम' टाइप केलं, म्हणजे मशीन किती दिवस सलग चालू आहे ते विचारलं, आणि आलेल्या आकड्याचा स्क्रीनशॉट काढून एका मित्राला पाठवला. ८३४ दिवस. २०२०च्या जूनमध्ये, टाळेबंदी सैल होत असताना, यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायला मशीन बंद केलं होतं. त्यानंतर ते एकदाही बंद झालं नव्हतं. मित्रानं फटाक्यांची चित्रं पाठवली. मीही खूश.

घरूनच काम चालू केलं. दुपारी संघात जाऊन बाहेरच्या यूएसबी डिस्कवर पूर्ण बॅकअप घेतला होता आणि ती डिस्क काढून, काळजी म्हणून, घरी आणली होती. (ही काळजी मला पुढं कशी नडली ते सांगतो.) संध्याकाळच्या संकलनाचा डेटाबेसही वेगळा उतरवून घेतला. मग पॅकेजं कुठून उतरवायची ती सोर्सेसची यादी बदलली, ११साठी (टोपणनाव बुल्सआय). ११मध्ये सुरक्षा-अपडेटच्या ओळीची ठेवण बदलली आहे. आधी 'बस्टर/अपडेट्स' असायचं, आता 'बुल्सआय-सिक्युरिटी' लिहावं लागतं, नुसतं नाव बदलून भागत नाही. हे माहीत होतं, म्हणून तिथं अडलो नाही. आधी छोटं अपग्रेड, मग पूर्ण. सव्वाअकराला सगळं संपलं. कर्नल, म्हणजे सिस्टिमचं हृदय, ४.१९चं ५.१० झालं, एकही लाल ओळ नाही. 'रीबूट' टाइप करून मी दूध गरम करायला उठलो.

या टॉवरला स्वतःची तपासणी करून उठायला तीन मिनिटं लागतात. पाच झाली. पिंगला (मशीन जागं आहे का म्हणून घातलेली हाक) उत्तर नाही. दहा झाली. अशा वेळी माणूस आधी स्वतःच्याच इंटरनेटवर संशय घेतो. मी मोबाइलचा डेटा चालू करून पाहिला, संघाच्या राउटरला पिंग केलं. राउटर जिवंत. सर्व्हर नाही.

वॉचमन काकांना फोन केला. त्यांना सर्व्हरच्या खोलीत पाठवलं, स्क्रीनचं बटण दाबायला सांगितलं.

"काय दिसतंय काका?"

"काळंच हाय की सगळं. वर पांढऱ्या अक्षरात कायतरी लिवलंय. वाचू?"

"वाचा."

"ई, आर, आर... थांबा, चष्मा घालतो."

चष्मा येईपर्यंतची ती मिनिटभराची शांतता मला अजून आठवते. काकांनी एकेक अक्षर वाचायला सुरुवात केली आणि मग स्वतःच म्हणाले, "त्यापेक्षा फोटूच धाडतो." फोटो आला. तीन ओळी. पहिली: एरर, 'ग्रब_कॅलॉक' हे सिम्बॉल सापडत नाही. दुसरी: रेस्क्यू मोडमध्ये जात आहे. तिसरीवर नुसता 'ग्रब रेस्क्यू' असा प्रॉम्प्ट आणि पुढं लुकलुकणारा कर्सर.

मोटरसायकल काढली. अठरा किलोमीटर. रस्त्यावर उसाचं एकही वाहन नव्हतं, गळीत सुरू व्हायला अवकाश होता, त्यामुळं साडेबाराला पोचलो. वाटेत डोक्यात एकच चक्र: अपग्रेडनं खाल्लं, अपग्रेडनं खाल्लं.

आता हा ग्रब, म्हणजे मशीन चालू झाल्यावर सिस्टिम उठवून देणारा प्रोग्राम, काय प्रकार आहे ते थोडं सांगायला हवं, कारण पुढची सगळी गंमत त्यात आहे. जुन्या पद्धतीच्या बायॉसवर (बोर्डावरचा, सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) मशीन सुरू झालं की बायॉस पहिल्या डिस्कचा पहिला सेक्टर उचलतो. तो ५१२ बाइटचा, त्यातले ४४६ बाइट बूट करण्याच्या कोडला. एवढ्याशा जागेत काय मावणार? तेवढा कोड फक्त पुढची पायरी दाखवतो: पहिल्या पार्टिशनच्या आधी रिकाम्या सोडलेल्या सेक्टरांत ग्रबचा गाभा भरलेला असतो. हा गाभा जागा झाला की तो बूट पार्टिशनमधून स्वतःचीच बाकीची मॉड्यूलं उचलतो, मेनू दाखवतो आणि कर्नल चालू करतो. म्हणजे ग्रब दोन ठिकाणी राहतो. अर्धा पार्टिशनांच्या बाहेर, डिस्कच्या कपाळावर. अर्धा आत, साध्या फायलींसारखा. दोन्ही अर्धे एकाच खेपेचे असले पाहिजेत. गाभा जुना आणि मॉड्यूलं नवी असली तर नवं मॉड्यूल जुन्या गाभ्याकडं असं एक फंक्शन मागतं जे त्याच्याकडं कधी नव्हतंच. मागच्या दहावड्याचं दरपत्रक हातात धरून या दहावड्याची बिलं काढायला बसलात तर ज्या फॅटचा रकानाच नाही तिथं बोट अडणार, तसं.

आत्ता लिहिताना हे सरळ दिसतं. रात्री पावणेएकला दिसत नव्हतं. मला आधी वाटलं डिस्क गेली. रेस्क्यू प्रॉम्प्टवर 'एलएस' दिलं, तर दोन्ही डिस्क, त्यांची पार्टिशनं आणि रेडच्या दोन्ही जोड्या नीट दिसल्या. तरी समाधान होईना, म्हणून मशीनचं झाकण उघडून केबली दाबून पाहिल्या. डिस्कवर माझ्याच अक्षरातल्या चिकटपट्ट्या होत्या, '१' आणि '२'. बोर्डाच्या पहिल्या सॉकेटमधून निघालेली केबल '२'ला जात होती. पाहिलं आणि झाकण लावून टाकलं. मग 'इन्समॉड नॉर्मल' दिलं, तेच उत्तर. प्रीफिक्स, म्हणजे मॉड्यूलं कुठून उचलायची तो पत्ता, हातानं बदलून दिला, पुन्हा तेच. साहजिकच होतं. नवी मॉड्यूलं कुठूनही उचलली तरी गाभा जुनाच होता.

अर्ध्या तासानं 'कॅलॉक' हा शब्द कुठं पाहिलाय ते आठवलं. २९ जुलै २०२०ला ग्रबमधली 'बूटहोल' नावाची मोठी चूक जाहीर झाली होती. तिच्या दुरुस्तीत मेमरी मागण्याच्या पद्धतीत बदल झाले आणि हे फंक्शन आलं. दुरुस्ती आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून जगभरातली काही मशीनं नेमक्या याच एररवर अडकली होती. तेव्हा ते वाचून मी चुकचुकलो होतो आणि आपलं काही बिघडलं नाही म्हणून विसरलो होतो.

म्हणजे रोग कळला. उपाय साधा: पेनड्राइव्हवरून मशीन उठवायचं आणि गाभा पुन्हा लिहायचा. पेनड्राइव्ह बॅगेत कायम असतो, डेबियनचा इन्स्टॉलर भरलेला. मशीन चालू करताना एफ-११ दाबलं, बूट मेनू आला, पहिलीच ओळ पेनड्राइव्हची. ती निवडली. इन्स्टॉलरच्या प्रगत पर्यायांत रेस्क्यू मोड असतो. तो भाषा, कीबोर्ड, नेटवर्क असं सगळं विचारतो, अगदी नवं मशीन मांडायला घेतल्यासारखं, आणि अशा वेळी त्याचा प्रत्येक प्रश्न खोडसाळ वाटतो. शेवटी एकदाचा मुद्द्यावर आला: रूट, म्हणजे सिस्टिमचं मुख्य पार्टिशन, कुठलं? आधी रेड जोडून घे म्हणालो, मग दुसरी जोडी दाखवली. वेगळं बूट पार्टिशन दिसतंय, जोडू का? जोड. आणि मग सर्व्हरच्या आतला शेल, म्हणजे आज्ञा टाइप करायची जागा, मिळाला.

माझ्याच फायली, माझंच होस्टनेम. जीव भांड्यात पडला आणि त्याच भरात मी 'ग्रब-इन्स्टॉल' लिहून पुढं एसडीए लावलं. सवयीनं. पहिली डिस्क म्हणजे एसडीए, आणखी कोण असणार?

उत्तर आलं त्यातले दोन शब्द ठळक मोठ्या अक्षरांत होते: फाइलसिस्टिम डिस्ट्रक्शन. मी कीबोर्डवरून हात उचलले. मग सावकाश वाचलं. या डिस्कवर आयएसओ ९६६० (सीडीच्या पद्धतीची) फाइलसिस्टिम दिसते, तिथं बूटसाठी जागा राखलेली नसते, लिहिलं तर सगळं उद्ध्वस्त होऊ शकतं, म्हणून मी लिहिलेलं नाही. आयएसओ? माझ्या डिस्कवर आयएसओ कुठून आलं?

'एलएसबीएलके' दिलं, डिस्कांची यादी आली. एसडीए, १४.९ जी. एसडीबी, ९३१.५ जी. एसडीसी, ९३१.५ जी.

पेनड्राइव्ह. मी सर्व्हरचा ग्रब माझ्याच पेनड्राइव्हवर लिहायला निघालो होतो. यूएसबीवरून उठलं की अनेकदा तो एसडीए होऊन बसतो आणि खऱ्या डिस्क एकेक घर मागं सरकतात. हे मी नव्या पोरांना शिकवताना सांगतो. ग्रब लिहिणाऱ्या ज्या कुणी माणसानं ही तपासणी घातली आहे त्याला मनातल्या मनात नमस्कार केला. ती नसती तर हातातला एकुलता एक पेनड्राइव्ह गेला असता आणि रात्री दीड वाजता दुसरा शोधायला मी कुठं जाणार होतो?

या वेळी आकार आणि सिरीयल नंबर दोन्ही बघून, एसडीबी आणि एसडीसी, दोन्हींवर लिहिलं. 'इन्स्टॉलेशन पूर्ण, एकही एरर नाही' अशी ओळ दोनदा आली. मेनू नव्यानं तयार केला, पेनड्राइव्ह उपसला, रीबूट.

ग्रबचा मेनू दिसला तेव्हा शेजारी उभे असलेले वॉचमन काका म्हणाले, "आलं की!" मी म्हटलं, आलं. कर्नलच्या ओळी धडाधड वर सरकू लागल्या आणि एका ओळीवर थांबल्या. डाव्या बाजूला लाल तारे इकडून तिकडं फिरताहेत, पुढं सेकंद मोजले जाताहेत, दीड मिनिटाची मर्यादा. दीड मिनिट संपलं आणि मशीन इमर्जन्सी मोडमध्ये गेलं.

याचं कारण मात्र दोन मिनिटांत कळलं, कारण ते माझ्या घरी कपाटात होतं. बॅकअपची बाहेरची डिस्क एफस्टॅबमध्ये (सुरू होताना काय काय जोडायचं ती यादी) लिहिलेली होती, पण ती नसली तरी चालेल हे सांगणारा 'नोफेल' शब्द मी कधी घातलाच नव्हता. आजवर प्रत्येक बूटच्या वेळी ती डिस्क जोडलेली होती. आज नव्हती, म्हणून सिस्टिम तिची वाट बघत बसली. रूटचा पासवर्ड देऊन आत गेलो, शब्द घातला, पुन्हा रीबूट. दोन वाजून चाळीस मिनिटांनी लॉगिन आलं.

पुढची तपासणी कंटाळवाणी होती आणि कंटाळवाणी होती हेच छान होतं. रेडची जोडी शाबूत. डेटाबेस सांभाळणाऱ्या पोस्टग्रेसचं जुनं ११ पूर्वीच्याच पोर्टवर चालू, नवं १३ शेजारी रिकामं. डेटाबेस ११वरून १३वर हलवायचं काम त्या रात्री करायचं नाही असं मी स्वतःला मोठ्यानं बजावलं. वॉचमन काकांना वाटलं त्यांना काही म्हणतोय. अण्णांच्या कॉम्प्युटरवरून एका केंद्राची खोटी पावती टाकून पाहिली, आली, पुसली.

साडेतीनला घरी जाता आलं असतं. गेलो नाही, कारण एक गोष्ट सलत होती. अपग्रेड करताना ग्रबचं पॅकेज स्वतःच गाभा लिहितं. मग त्यानं लिहिला कुठं?

'डेबकॉन्फ-शो ग्रब-पीसी' दिलं. गाभा कुठल्या डिस्कवर लिहायचा ते पॅकेज तिथं लक्षात ठेवतं, आणि एसडीए-एसडीबी असं नाही तर डिस्कच्या सिरीयल नंबरासकट. एकच डिस्क लिहिलेली होती. नंबर ताडून पाहिला तर ती चिकटपट्टी '१'ची. दुसऱ्या सॉकेटमधली.

तेव्हा २०१९ आठवलं. त्या वर्षाच्या शेवटी दोनांतली एक डिस्क गेली होती. ती बदलायला मी दोन्ही केबली काढल्या आणि परत लावताना त्यांची अदलाबदल केली. नवी डिस्क पहिल्या सॉकेटला, जुनी दुसऱ्याला. रेडला त्याचं काही सोयरसुतक नसतं, तो डिस्क स्वतःच्या खुणेवरून ओळखतो. बायॉसला मात्र असतं. तो पहिल्या सॉकेटवरची कोरी डिस्क बघून अडला, तेव्हा मी नव्या डिस्कवर हातानं एकदा गाभा लिहिला, मशीन उठलं, मी हात धुतले. पॅकेजला कुणी सांगितलंच नाही. ते बिचारं त्यानंतर प्रत्येक अपडेटला इमानानं '१'वर नवा गाभा लिहीत राहिलं, मॉड्यूलंही नवी टाकत राहिलं, आणि बायॉस उठवत होता '२'वरून, जिच्या कपाळावर २०१९चा गाभा तसाच होता.

मग अंगावर काटा आला तो निराळ्याच कारणानं. मॉड्यूलं पहिल्यांदा बदलली कधी? अपग्रेडच्या रात्री नाही. सुरक्षा-अपडेट आपोआप बसवायची सोय मी केली होती आणि ती दर वेळी मला मेल धाडते. ते मेल मी उघडत नसे. फोनवरच शोधले. ३० जुलै २०२०, अद्ययावत केलेली पॅकेजं: ग्रब-कॉमन, ग्रब-पीसी... मेल न वाचलेला, ठळक अक्षरांतच.

त्या दिवसापासून हा सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला असता तर उठला नसता. दोन वर्षं आणि जवळपास दोन महिने. मधल्या काळात वीज गेली, वळवाचे पाऊस झाले, एकदा यूपीएसनं बीप बीप करत अकरा मिनिटं तग धरली आणि अण्णांनी मला कौतुकानं फोन केला होता. बारा मिनिटं वीज गेली असती तर हीच काळी स्क्रीन भर संकलनात दिसली असती, आणि अपग्रेड केलेलं नसल्यामुळं मी संशय तरी कशावर घेणार होतो? मित्राला पाठवलेला ८३४चा स्क्रीनशॉट मी डिलीट केला. त्यानं पाहिला होताच, पण तरी.

'डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी' देऊन यादीतल्या दोन्ही डिस्कवर खूण केली. तिथं स्पेसबार दाबून खूण करावी लागते, नुसतं एंटर दाबलं तर काहीच न निवडता पुढं जातं. दोनदा तपासलं.

पावणेपाचला अण्णा आले. अमावास्या असली तरी दूध थांबत नाही. हातात चहाची किटली, काखेत संकलनाची छापील रजिस्टरं. वॉचमन काकांनी त्यांना रात्रीच कळवलं होतं आणि अण्णांनी मला एक शब्दही न विचारता सगळ्या केंद्रांना निरोप धाडला होता की सकाळी वह्या तयार ठेवा, मशीनचा भरवसा नाही.

"चालू झालाय अण्णा. वह्या नकोत."

"असू द्या. आजच्या दिवस दोन्हीकडं लिवू." रजिस्टरं टेबलावर ठेवत म्हणाले, "काय झालं होतं ओ?"

मी जमेल तेवढं सोपं करून सांगितलं. दोन डिस्क, एकीवर जुना गाभा, एकीवर नवा, आणि मशीन जुना गाभा असलेल्या डिस्कवरून उठत होतं. अण्णांनी चहा ओतता ओतता ऐकून घेतलं.

"म्हंजे दुसरी चांगली होती?"

"हो."

"मग दुसरीवरनंच का नाही उठवलं?"

चहाचा कप हातात तसाच राहिला. अशा रात्री मी प्रत्येक पडद्याचा फोटो काढत जातो, मागाहून कामाला येतात. फोन उघडून मागं गेलो. एक वाजून चार मिनिटं, एफ-११चा बूट मेनू. पहिली ओळ पेनड्राइव्ह. दुसरी ओळ, पहिल्या सॉकेटची डिस्क. तिसरी ओळ, दुसऱ्या सॉकेटची डिस्क. तिसऱ्या ओळीवर जाऊन एंटर दाबलं असतं तर गाभा नवा, मॉड्यूलं नवी, मेनू समोर.

अण्णांनी चष्मा वर करून फोटो पाहिला. "ही तिसरी?"

"ही तिसरी."

"पितृपंधरवडा," अण्णा म्हणाले आणि किटली घेऊन काट्याकडं गेले. बाहेर पहिला टेम्पो लागला होता.